वाढणारं तेल

गुढियारीच्या हिरालाल रामटेकेनं एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, आणि रोज सकाळी गाडी काढायच्या आधी इंजिनचं तेल पाहिलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघे कुरकुरत होते, बोनट उचलताना उजव्या खांद्यातून कळ निघायची, तरी नेम मोडला नव्हता. सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात तो ड्रायव्हर होता. तिथं नवा ड्रायव्हर आला की त्याला तेल बघायला शिकवायचं काम आपसूक हिरालालकडे यायचं. गाडी सपाट जागेवर लावायची. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, कारण वर चढलेलं तेल खाली उतरायला तेवढा वेळ घेतं. मग तेल मोजायची पट्टी काढायची, पुसायची, पार खाली टेकेपर्यंत परत घालायची, आणि दुसऱ्यांदा काढल्यावर दिसेल तेच खरं धरायचं. तेल दोन खुणांच्या मध्ये असलं की गाडी निघाली.

विशाललाही त्यानंच शिकवलं होतं. विशाल भनपुरीचा, बत्तीस-तेहतीसचा, दोन लेकरांचा बाप, कामाला चोख. होळीच्या सुमाराला त्याच्याकडची पांढरी डिझेल गाडी सर्व्हिसिंगला गेली, तर तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर निघालं. अजून थोडे दिवस गेले असते तर इंजिन बसलं असतं, असं वर्कशॉपवाल्यानं कळवलं. ऑफिसात बोलावणं आलं. मी वरून तेल टाकलंच नाही, हे एकच विशाल पुन्हा पुन्हा सांगत राहिला. गाड्यांचा कारभार यामिनी मॅडमकडे होता. त्यांनी जुना माणूस म्हणून हिरालालला विचारलं, की मग हे होतं कसं?

हिरालाल त्या दिवशी पहाटेपासून गाडीवर होता. त्याला घरी जाऊन पडायचं होतं. तो म्हणाला, "गाडी बंद केल्याबरोबर पट्टी काढली तर तेल कमी दिसते. मंग मानूस वरून टाकून देते."

तेवढ्यावर विशालचं काम गेलं. जाताना त्यानं हिरालालकडे वळूनही पाहिलं नाही.

तेल बदलून पांढरी गाडी हिरालालच्या वाट्याला आली. काम हलकं होतं. गेटपासून गेस्ट हाउस, गेस्ट हाउसपासून ऑफिस, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, आणि मधल्या वेळात साहेबांची वाट बघत एसी लावून उभं राहणं. दुपारी सिलतऱ्याची काळी धूळ काचेवर बसायची, ती पुसायची. कंबरेला लांबचा प्रवास आता सोसत नव्हता, त्यामुळं हिरालालला हे बरंच वाटलं.

मे महिन्यात एका सकाळी तेल नेमकं वरच्या खुणेवर दिसलं. आदल्या वर्षी मोतीबिंदू काढलेला, तेव्हा डोळ्यांचाच दोष असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गाडी जागा बदलून लावली. आठवडाभरानं तेल खुणेच्या वर गेलं होतं, आणखी आठवड्यानं अर्धं बोट वर. त्यानं स्वतःच्या हातानं एक थेंब टाकला नव्हता.

त्या दिवशी गाडी घरी आणलेली होती; तो दाराच्या पायरीवर बसून राहिला. मग बायकोला हाक मारली. मीराबाई पोळ्या टाकत होती, हात पुसत बाहेर आली. जन्मात तिनं बोनटमध्ये डोकावलं नव्हतं. तिनं पट्टी उन्हाकडे धरली.

"दोन खुना हायेत. तेल वरच्याच्या बी वर हाय," ती म्हणाली. मग पट्टी नाकाजवळ नेली. "अन् याले डिझेलचा वास काहून येऊन राह्यला?"

हिरालालनं वास घेतला. उभा जन्म डिझेलच्या वासात गेल्यामुळं त्याला तो वेगळा कळलाच नव्हता. आता कळला. त्यानं चालवलेल्या जुन्या गाड्यांत तेल फक्त कमी होत जायचं. इंजिन आपलं आपण तेल वाढवेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि विशाल खरं बोलत होता.

सोपा रस्ता होता. खालचा बोल्ट सैल करून अर्धा लिटर तेल सोडून द्यायचं, की पट्टीवर सगळं ठीक. नोकरीचं दीड वर्ष उरलं होतं. त्यानं पाना घेतला, पोतं अंथरलं आणि गुडघे सांभाळत गाडीखाली सरकला. तिथं उताणा पडल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हे दर पंधरा दिवसांनी करावं लागेल, आणि दर वेळी गप्प बसावं लागेल. एवढं निभवायचं त्राण आता त्याच्यात नव्हतं. बोल्टला हात न लावता तो तसाच बाहेर आला.

कारखान्यात त्यानं यामिनी मॅडमना शेडमध्ये यायची विनंती केली. मॅडमचं घर मूळचं नागपूरकडचं. त्यांना मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं.

"काका, तेल बढ़ता थोड़ी है," त्या म्हणाल्या.

"तुमीच पाहा, मॅडम. मी हात नाही लावत."

गाडी सपाट फरशीवर उभी होती. इंजिन बंद करून दोघं थांबले. त्या दहा मिनिटांत त्यानं विशालचं सांगून टाकलं. मी न पाहता बोललो, मले घरी जायचं होतं, एवढंच तो म्हणाला. मॅडमनी मान खाली घालून ऐकलं. मग त्यांनी पट्टी काढली, कापडानं पुसली, घातली, पुन्हा काढली. वास घेतला.

या वेळी गाडी दुसऱ्या वर्कशॉपला गेली. तिथल्या मिस्त्रीनं समजावलं, की नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी असते. काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं, आणि त्यासाठी गाडी सलग पळावी लागते. छोट्या फेऱ्यांत ते काम अर्धवट राहतं, आणि न जळलेलं डिझेल खाली तेलात उतरतं. तेल पातळ होतं, वाढतं.

विशालला परत बोलवायचं पत्र निघालं. ते रविवारी हिरालाल स्वतः भनपुरीला घेऊन गेला. विशाल आता एका गोदामाची पिकअप चालवत होता. त्यानं खुर्ची दिली, बायकोनं चहा आणला. हिरालालनं काय झालं ते सगळं सांगितलं आणि चूक कबूल केली.

विशालनं पत्र दोनदा वाचलं. "त्या दिवशी मी तुमालेच विचारनार होतो, भाऊ, का तेल वाढलं कसं," तो म्हणाला. "तुमीच बोलले, मंग कोनाले विचारू?"

विशाल परत यायचं नाही म्हणाला. पत्र मात्र ठेवून घेतलं. पाऱ्यातले, आसपासच्या वस्तीतले लोक काहीबाही बोलत होते, त्यांना दाखवायला होईल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच हिरालालला जड गेलं.

तेव्हापासून पांढरी गाडी आठवड्यातून एकदा बिलासपूर रोडवर सलग पळवायची, असं ठरलं, आणि ती फेरी हिरालालवरच आली. मागच्या सीटवर कुणी नसतं. एकाच वेगानं तो सिमगा गावापर्यंत जातो, कंबर भरून येते. मग कडुनिंबाखाली गाडी लावतो आणि सीट मागे करून पडतो. झोप लागत नाही. थोड्या वेळानं उठून तोंडावर पाणी मारतो, आणि गाडी परत सिलतऱ्याकडे वळवतो.