पाव पुढच्या गेटनं जाईल

त्या सोमवारी मधली सुट्टी नुकतीच संपली होती. मी चौथीच्या वर्गात फळ्यावर गणित लिहीत होते आणि दारात मंगल येऊन उभी राहिली. मंगल म्हणजे भागाबाईची मुलगी. एकेकाळची माझी विद्यार्थिनी, आता चिंचवडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. ड्युटीचा पांढरा पोशाख तसाच अंगावर होता. "बाई, आई गेली. सकाळी," एवढंच ती म्हणाली. मुलांना पाढे म्हणायला सांगून मी तिच्याबरोबर बाहेर पडले. दोघी आकुर्डीला भागाबाईच्या पत्र्याच्या चाळीत पोचलो. खोलीत बायका जमल्या होत्या, आणि जी ती म्हणत होती, "बिचारी... जन्मभर भट्टीपुढं भाजली हो." तासाभरात हा 'बिचारी' शब्द मी पाच-सहा वेळा ऐकला. भांडायची ती जागा नव्हती. आज दीड महिना उलटून गेलाय, आणि तो शब्द काही माझ्या कानातून जात नाही. भागाबाई बिचारी नव्हती. बिचारे असलोच तर आम्ही होतो, तिच्या आसपासचे. ते कसे, तेच सांगायला बसले आहे.

बासष्ट साली मी लग्न होऊन चिंचवडला आले आणि वर्षभरात शाळेत लागले. तेव्हा इथं निम्मी शेतं होती आणि निम्म्या शेतांभोवती तारेची कुंपणं पडत होती. जिथं कालपर्यंत हरभरा होता तिथं आज मुरूम पसरलेला दिसायचा. त्याच सुमाराला भागाबाई नवऱ्याबरोबर खेड तालुक्यातल्या गावाहून इकडे आली. नवरा पिंपरीतल्या एका बेकरीत पीठ मळायचा. ती तिथंच पाव भाजायचे पत्रे घासायची, पिठाची पोती झाडायची आणि नजरेनं शिकायची. मंगल चार वर्षांची असताना नवरा काविळीनं गेला. दहाव्या दिवशी भागाबाई बेकरीच्या मालकाकडे गेली आणि म्हणाली, "त्यांच्या जागंवर मला मळायला उभी करा." मालक हसला. बाईमाणूस भट्टीवर शोभत नाही म्हणाला, आणि त्यातून... पुढचं त्यानं बोलायचं टाळलं. ते भागाबाईनं स्वतःच पुरं केलं. "त्यातून आमी बौद्ध. आमच्या हातचा पाव गिऱ्हाईक खाणार न्हाई, हेच ना? पत्रे आमीच घासतो, ते चालतं व्हय?" ती तिथून निघाली ती पुन्हा त्या बेकरीची पायरी चढली नाही.

भट्टी तिनं स्वतः बांधली. भंगारवाल्याकडून लोखंडी पिंप आणलं, दोनदा-तीनदा आत जाळ करून ते साफ केलं, आडवं घातलं, खाली-वर विटा आणि मातीचा गिलावा. चाळीच्या मागच्या बाजूला, रविवारच्या बाजाराच्या मैदानाला लागून ती भट्टी उभी राहिली. सुरुवातीची काही वर्षं ती साधा पांढराच पाव करायची आणि वस्तीतले लोक घ्यायचे. मग दुष्काळाची वर्षं आली. मैदा मिळेना, रेशनवर लालसर, कोंड्याचा गहू यायचा, त्याचा पाव मातकट निघायचा. तो बघून लोक नाक मुरडू लागले. मंगलनं मला सांगितलेली गोष्ट आहे ही. एक दिवस सगळा पाव परत आला, आणि आईनं त्या पाटीकडे बघितलं. मग म्हणाली, "पांढरा होत न्हाई ना? नगं होऊ दे. लाल करू."

दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून उरलीसुरली बिटं आणली, उकडली, पाट्यावर वाटली आणि त्यातच पीठ मळलं. मळताना जांभळालाल दिसणारा गोळा भट्टीतून निघाला तो तपकिरी होऊन. रंग उडाला होता. आठ-दहा घाणे वाया गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की लिंबू पिळलं तर लाली टिकते. पालकाला ती उकळत्या पाण्यातून नुसती काढायची आणि लगेच गार पाण्यात टाकायची, मग वाटायची. तांबड्या भोपळ्याला असलं काही लागायचं नाही. "भोपळा इमानदार हाय," ती म्हणायची, "घालाल तो रंग परत देतो." पुढे तिनं तिन्ही पिठांच्या पोळ्या लाटून, एकावर एक ठेवून त्यांची गुंडाळी करायला सुरुवात केली. तो पाव कापला की आत लाल, हिरवी, पिवळी चक्री दिसायची. माझ्या वर्गातली मुलं डब्यात ती चक्री घेऊन यायची आणि पोळी-भाजीवाली मुलं त्यांच्याशी अदलाबदल करायची. मुलांनी कुणी जात विचारली नाही. विचारली ती मोठ्यांनी. आणि त्या मोठ्यांत मी होते.

हे लिहायलाच हवं. मंगल तिसरीत पहिली आली तेव्हा भागाबाई वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पाव घेऊन शाळेत आली. मी हसून घेतला, कौतुक केलं, आणि घरी जाताना स्टेशनजवळ बांधलेल्या एका गाईपुढं टाकला. आमचं घर सोवळ्याचं, सासूबाई कडक. ही कारणं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण माझ्याच हातात होतं, आणि ते मी गाईपुढं टाकत होते. पुढची दोन वर्षं सणासुदीला, परीक्षेच्या निकालाला भागाबाई पाव आणायची आणि ती गाय तो खायची. मग एका दुपारी शाळेच्या फाटकात तिनं मला अडवलं. हातात पाव होता, पण तो तिनं पुढं केला नाही.

"बाई, माझा पाव तुमी गाईला घालता. मला ठावं हाय."

मी काहीतरी पुटपुटले... पथ्य, उपास, असलंच काहीतरी.

"गाय बाटली का वो?" तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. पाव तिनं आता माझ्या हातात ठेवला. "आज हितं माझ्यासमोर खा, न्हाईतर परत द्या. दोन्ही चालंल. पर गाईला नगं. गाईसाठी न्हाई मळला मी."

फाटकातून मुलं जात होती, दोन शिक्षक सायकली काढत थांबले होते. मी तिथंच उभ्यानं पावाचा तुकडा तोडला आणि खाल्ला. भोपळ्याचा होता, किंचित गोड, मधूनच दाताखाली बडीशेप. सबंध पाव संपवला. वाटलं, ती आता हसेल, आमचं जुळेल. ती हसली नाही. "बरं," म्हणाली आणि चालू लागली. आमची मैत्री व्हायला त्यानंतर आणखी वर्ष लागलं, आणि ते योग्यच होतं.

मग ती अफवा उठली. गाड्यांच्या एका कारखान्यातले लोक तिचे पाव रोज घेऊ लागले होते, धंद्याला जरा बरकत येत होती, आणि कुणीतरी पिल्लू सोडून दिलं की भागाबाई पावात गाड्यांना मारायचा रंग घालते. वस्तीतली दोन पोरं तिथल्या पेंटशॉपमध्ये, म्हणजे रंगखात्यात, कामाला आहेत, ती डबे चोरून आणतात, असं. त्यातच एका मुलाचं पोट दुखलं. त्याचा बाप चाळीत येऊन नाही नाही ते बोलून गेला. दोन दिवसांत गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. चाळीतले वडीलधारे समजावू लागले, "भागा, गप ऱ्हा काही दिस. पांढरा पाव कर. आपल्याला हितंच ऱ्हायचंय." भागाबाईचे थोरले दीर, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, तेही तेच म्हणाले. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पेंटला कोण भितंय, अण्णा? पेंट नुसतं नाव हाय, नगं हाय तो माझा हात. मी आज पांढरा केला, तर उद्या म्हणतील पिठात चुना घालती. मी रविवारी लालच करणार. आन् बाजारात करणार."

रविवारी ऐन बाजार भरला असताना तिनं भट्टीपुढं मैदानात पाट मांडला. परात, पाण्याची कळशी, पाटा-वरवंटा, लिंबं, उकडलेल्या बिटांची पाटी. सगळ्यांसमोर कोपरापर्यंत हात धुतले, बिटं सोलली, वाटली, लिंबू पिळून पीठ मळायला घेतलं. बघता बघता गर्दी झाली. तो मुलाचा बाप पुढं आला, "हे आता दाखवायला करतेस. रोज डबा ओततेस." भागाबाईनं शेजारच्या पाटीतला आदल्या दिवशीचा लाल पाव उचलला, त्याचा तुकडा पाण्यानं भरलेल्या पितळी पेल्यात टाकला आणि तो पेला सगळ्यांना दिसेल असा धरला. हळूहळू पाणी गुलाबी होत गेलं.

"बघा. पाण्यात जातोय रंग. गाड्यांचा रंग असा पाण्यात गेला असता, तर पहिल्याच पावसाळ्यात तुमची कंपनी बंद पडली असती की वो!"

लोक हसले. पेंटशॉपमध्ये काम करणारे तर सगळ्यात जोरात हसले. तिनं तो पेला तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. मग पुन्हा मळायला बसली. पीठ फुगायला वेळ लागतो, भट्टी तापायला वेळ लागतो. तिनं काहीही घाई केली नाही. लोक भाजी घेऊन आले, परत उभे राहिले. पाव निघाले, वाफाळलेले, लालबुंद. तिनं एक कापला, पाटीत मांडला, आणि कुणी पुढं येईना. हसणं वेगळं आणि हात पुढं करणं वेगळं. मी गर्दीत होते. यजमानांच्या ऑफिसातली दोन कुटुंबं माझ्या शेजारीच उभी होती. माझे पाय हलले नाहीत. तेवढ्यात आकुर्डीच्या जुन्या गावकऱ्यांपैकी एक म्हातारे, ज्यांच्या शेतावर आता कारखान्याची शेड उभी आहे, काठी टेकत पुढं गेले. "आण गं हिकडं. माझं रान गेलं त्याला कुणी इचारलं न्हाई, मी काय खातो ते कोण इचारणार?" त्यांनी खाल्लं. मग पेंटशॉपमधला एक पोरगा गेला. तिसरी मी. पहिली नव्हते, हे मला आजही खुपतं. पण ऑफिसातल्या बायकांसमोर मी दोन तुकडे घेतले, आणि एक घरी सासूबाईंच्या देखत ताटात वाढून घेतला. त्या आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी नवव्या दिवशी पुन्हा पाव आणला.

अफवा त्या दिवशी मेली असं म्हणवत नाही. काही घरं कायमची तुटली. पण जी राहिली ती घट्ट राहिली. तीन-चार वर्षांनी एका कारखान्याच्या कँटीनचा माणूस तिच्याकडे आला. त्या कारखान्याचं नाव इथं घेत नाही. रोजची मोठी ऑर्डर होती. अट एवढीच, की पाव एका ठेकेदाराच्या नावानं जाईल आणि मागच्या गेटनं उतरवला जाईल. "काय आहे, सगळ्या प्रकारची माणसं जेवायला असतात," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. मंगलचं नर्सिंगचं शिक्षण तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, खर्च होता. मी शेजारी बसले होते आणि खरं सांगायचं तर मनातून म्हणत होते, घे, बाई, घे... भागाबाईनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "पाव माझ्या नावानं जाईल आन् पुढच्या गेटनं जाईल. जमत नसंल तर ऱ्हाऊ द्या." जमलं नाही. तो गेल्यावर मी म्हटलं, "अगं, मंगलसाठी तरी..." त्यावर ती उसळली. "मंगलसाठीच. उद्या तिला कुणी म्हनलं मागनं ये, तर तिनं काय करायचं? आईवानी जायचं?"

दुसऱ्याच आठवड्यात ती पाटी घेऊन त्या कारखान्याच्या पुढच्या गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडे बसली. शिफ्ट सुटायच्या वेळी. वॉचमननं दोनदा हटकलं, तिनं रस्ता सरकारचा असल्याचं त्याला दोनदा सांगितलं. कँटीनमध्ये तिचा पाव कधीच गेला नाही. पण गेटातून बाहेर पडणारे कामगार तो घ्यायचे, सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून घरी न्यायचे. पाचेक वर्षं ती तिथं बसली. मंगल नर्स झाली ती त्या पाटीवर.

गेल्या वर्षापासून दम लागायला लागला. डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितला. तिनं डॉक्टरांना हो म्हटलं आणि भट्टी चालू ठेवली. शेवटी दवाखान्यात ठेवावं लागलं तेव्हा मी भेटायला गेले. नाकात नळी होती, बोलताना थांबावं लागत होतं. खाटेशेजारी दवाखान्याचे दूध-पाव आले होते. तिनं त्या पावावर बोट दाबलं. खळगा तसाच राहिला. "उठलाच न्हाई ह्यो," ती म्हणाली, "कच्चा हाय." मग श्वास घेऊन, "नर्सबाईला सांगा... आजाऱ्याला असला देऊ ने." नर्सबाई म्हणजे तिचीच मंगल, पायथ्याशी उभी होती. ती रडत रडत हसली. त्यानंतर तीन दिवसांनी सोमवार आला.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या स्मरणाच्या कार्यक्रमाच्या, आदल्या दिवशी मी चाळीत गेले. अण्णा चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन खोली पांढरी करत होते. माणसं येणार, खोली बरी दिसावी. तीन भिंती झाल्या होत्या. चौथीपाशी मंगल उभी होती. भागाबाई त्या भिंतीशी पाट घेऊन मळायला बसायची आणि उठताना भिंतीला हाताचा आधार घ्यायची. इतकी वर्षं मी त्या खोलीत चहा प्यायले, पण ती भिंत अशी कधी बघितली नव्हती. लाल, हिरवे, पिवळे पंजे, एकावर एक. जुने वरच्या बाजूला, वाळून तपकिरी झालेले. जसजसे गुडघे थकत गेले तसतसे ते खाली उतरत आले होते. अगदी खालचे, जमिनीपासून हातभर वर, अजून ताजे वाटत होते.

"बाजूला हो, पोरी," अण्णा म्हणाले. "भिंत घाण दिसती. लोक काय म्हणतील?"

"काका, तिथं हात लावायचा नाही," मंगल म्हणाली. "तिथं आईचा हात लागलाय."

 अण्णांनी कुंचा बादलीत ठेवला, बादली उचलली आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी तीन पांढऱ्या भिंती आणि ती एक, अशा खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली होती. कोणी विचारलं, की हे काय, तर मंगल सरळ सांगत होती. मी त्या भिंतीच्या समोर जागा धरली आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिथून हलले नाही.