काकूंचा पी.पी. नंबर

आमच्या घरात फोन नव्हता तेव्हाही आमचा नंबर होता. मरोळच्या आमच्या चाळीत सगळ्यांचा एकच नंबर. शाळेच्या अर्जावर तोच, लग्नपत्रिकेवर तोच, बाबांच्या कारखान्यात तोच. नंबरापुढे कंसात पी.पी. लिहायचं. म्हणजे फोन आमचा नाही, शेजारी बोलावून देतात. शेजारी म्हणजे माळ्यावरच्या कोपऱ्यातल्या काकू. मूळच्या मालवणकडच्या, आवाज असा की अंगणातली मांजरंसुद्धा उठून बसायची.

फोन आला की काकू कठड्याशी येऊन ओरडायच्या, “तळमजलो, तिसरी खोली, फोन इलो!” आई पीठ भरल्या हातांनी धावायची. मी तिच्या मागे, कारण काकूंच्या फोनखाली विणलेला रुमाल होता आणि शेजारच्या डब्यात खडीसाखर. एक गोष्ट मात्र सगळ्या चाळीला कळायची. बातमी वाईट असली की काकू ओरडायच्या नाहीत. स्वतः जिना उतरून दाराशी यायच्या आणि आधी पाणी मागायच्या. पाणी त्यांना नको असायचं. आपण आत जाऊन पाणी आणेपर्यंत आपल्याला कळलेलं असायचं.

मग तारेचा फोन गेला, काकूंकडे मोबाइल आला. हळूहळू सगळ्यांकडेच आला. पण आमचे नंबर टिकायचे नाहीत. जिथे स्वस्त मिळेल ते सिम घ्यायचं, संपलं की फेकायचं. म्हणून बँकेत खातं उघडताना बायकांनी विचार केला तो असा की आपला नंबर आज आहे, उद्या नाही, काकूंचा कायमचा. दिला काकूंचा. आईनेही दिला. बाहेरचा माणूस याला अडाणीपणा म्हणेल. मी म्हणत नाही. इतकी वर्षं ज्या काकूंकडे प्रत्येक निरोप पोचला, त्यांचाच नंबर बायकांनी दिला. यात चुकीचं काय ते मला समोर बसून सांगा.

मग ओटीपी आले. बँकेचा इंग्रजी संदेश बजावतो की हा आकडा कोणालाही सांगू नका. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत होते; खात्याच्या शेवटच्या आकड्यांवरून कोणाचा संदेश ते ओळखायच्या. त्या कठड्यावरून अख्ख्या चाळीला सांगायच्या, “तिसरी खोली! चार, सात, सात, शून्य...” खालून कोणीतरी ओरडायचं, “काकू, तिकीट लागलं का लॉटरीचं?” सगळे हसायचे. आई आकडे पुटपुटत घरात पळायची. त्या चाळीत कोणाचा एक पैसा कधी चोरीला गेला नाही.

चाळ पाडायला घेतली तेव्हा माणसं विखुरली. कोणी मुलुंडला, कोणी घाटकोपरला, आम्ही मरोळलाच भाड्याने. काकू बोरीवलीला मुलाच्या सोसायटीत गेल्या. नंबर त्यांच्याबरोबर गेला. आता संदेश आला की काकू आईला फोन करून आकडे वाचून दाखवायच्या, आणि मग दोघी अर्धा तास सुनांवर बोलायच्या. मी आईच्या मागे लागले होते, नंबर बदल. मी एका संस्थेसाठी वस्त्यांमधून पत्रकं वाटते, ‘प्रत्येक हातात स्वतःचा फोन, स्वतःचा नंबर’ अशा घोषणा मीच लिहिते. आई ऐकायची आणि म्हणायची, “चाललंय ना? मग कशाला उगाच?”

चाललं होतं, अडेपर्यंत.

आई घरून डबे करते. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात तिचे डबे वर्षानुवर्षं जातात. आमचं घर त्यावर चालतं. बाबांचा कारखाना बंद पडला तेव्हापासून फक्त त्यावर. या वर्षी त्या ऑफिसाने ठरवलं की जेवण पुरवणाऱ्या सगळ्यांनी अॅपवर नोंद करायची, पैसे तिथूनच मिळतील. सोमवारपर्यंत नोंद नाही तर डबे बंद. तिथला तरुण साहेब आईला म्हणाला, “मावशी, फक्त ओटीपी टाकायचा. दोन मिनिटांचं काम.”

ओटीपी बँकेतल्या नंबरावर, म्हणजे बोरीवलीला जाणार होता. आईने काकूंना फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. बँकेत गेलो तर नंबर बदलायला आठवडा लागेल म्हणाले. मला साहेबाचा राग आला, बँकेचा आला. बाई पहाटे उठून कारखान्यातल्या माणसांना जेवायला घालते, त्या जेवणावर यंत्रं चालतात, मालाच्या गाड्या भरतात. आणि देशाची अर्थव्यवस्था तिला विचारते, बाई, तुमचा आकडा कुठाय? फोन स्वस्त झाले, नेट स्वस्त झालं, सगळे आत आले, असं भाषणांत सांगतात. दार उघडं ठेवलंय म्हणतात, उंबरा कमरेएवढा बांधून ठेवलाय ते कोण बोलणार?

आईला राग आलाच नव्हता. तिला भीती वाटत होती. “ओरडल्या नाहीत,” एवढंच म्हणाली. मला कळलं ती काय म्हणतेय.

शनिवारी आम्ही दोघी मेट्रोने बोरीवलीला गेलो. आईने पिशवीत सोलकढीची बाटली घेतली. दार काकूंनीच उघडलं. धडधाकट. आईने भिंतीला हात टेकला.

“इलंस गो?” काकू म्हणाल्या. आई आत शिरून बसली. मग एकदम म्हणाली, “वहिनी, फोन का नाही उचललात? जीव टांगणीला लागला माझा.”

काकू पाणी आणायला वळल्या. मी म्हटलं, पाणी नको, आधी बसा. त्या बसल्या. फोन देवाजवळ ठेवलेला होता, आवाज बंद करून. एवढ्या बायकांच्या बँकांचे संदेश दिवसभर टुणटुणायचे म्हणून मुलाने बंद केला होता, आणि हा नंबर आता टाकून दे म्हणून रोज मागे लागला होता. काकूंनी टाकला नव्हता. आवाज परत कसा चालू करायचा हे त्यांना माहीत नव्हतं, विचारायची लाज वाटत होती. आणि खरी गोष्ट पुढेच होती.

“आकडे दिसनत नाय गो आता,” त्या म्हणाल्या. “डोळ्यांचं ऑपरेशन सांगितलंय. तुम्हाला बोलले असते तर सगळ्यांनी नंबर काढून घेतला असता. मगे माका कोण फोन करतलो?”

आईने सोलकढीची बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली.  माझ्या पत्रकात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी फोनचा आवाज चालू केला, आईच्या मोबाइलवर अॅप उघडलं, माहिती भरली. काकूंचा फोन टुणकन वाजला. मी आकडे पाहिले आणि वाचणार तेवढ्यात थांबले. काकूंच्या कानात हळू सांगितले. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं, जणू खाली अंगण आहे, आणि पूर्ण आवाजात आकडे दिले. आतून सून बाहेर आली, घाबरून. आई हसत होती, डोळे पुसत होती आणि बटणं दाबत होती. नोंद झाली. डबे वाचले.

येताना आई मेट्रोत म्हणाली, “बँकेत माझा नंबर घाल. तुझंच बरोबर होतं.” मला त्यात काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. तरी सोमवारी अर्ज दिला. मग चाळीतल्या बाकी बायकांकडे एकेक करून गेले, त्यांचेही बदलून घेतले. ते करायलाच हवं होतं. पुढचा आकडा अडला असता तर कोणाची तरी चूल बंद झाली असती. आता प्रत्येकीचा संदेश प्रत्येकीच्या हातात येतो. गुपचूप.

दर वर्षी चाळीचा सत्यनारायण असतो. चाळ नाही, पूजा आहे, कोणाच्या तरी घरी. निमंत्रणाचं पत्रक मीच छापते. या वर्षी मजकूर आईला दाखवला. तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. येणार की नाही कळवण्यासाठी मी माझा नंबर टाकला होता.

“तुझा कशाला?” ती म्हणाली. “नुसतं बोलायचंय ना? मग काकूंचा टाक. उचलायला काय दिसायला लागतं?”

मी टाकला. पुढे पी.पी. लिहिलं. पत्रकं वाटली त्या संध्याकाळी मी काकूंना फोन लावून पाहिला. दर वेळी व्यस्त लागत होता.