नांदेडहून लातूरकडे

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी सगळी माहिती साठवणारं डिस्कचं कपाट सांभाळायचो, तिथल्या सरांचं दहावीचं प्रमाणपत्र भूकंपात दगडमातीखाली गेलं होतं. आपण पास झालो आहोत हे पटवायला त्यांनी पुढे कितीतरी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. म्हणून क्लास वाढल्यावर त्यांनी दुसरं कपाट नांदेडच्या शाखेत ठेवलं. लातूरच्या व्हॉल्यूमवर, म्हणजे कपाटातल्या साठवणीच्या जागेवर, जे लिहिलं जाईल, ते क्षणात नांदेडच्या व्हॉल्यूमवर उमटायचं. इथवर सगळं शहाणपणाचं होतं.

मग त्यांना त्याचं उद्घाटन करावंसं वाटलं.

रविवारी सकाळी मंडप, शाल, नारळ, प्रमुख पाहुणे. पाहुण्यांनी बटण दाबायचं, लातूरचं कपाट थांबायचं, नांदेडने काम उचलायचं. तासाभराने लातूर पुन्हा सुरू. नेमकी त्याच वेळी वरच्या मजल्यावर पोरं संगणकावर स्पेशल बॅचची निवड परीक्षा देत होती. परीक्षा पुढे ढकला, असं मी दोनदा म्हणालो.

"परीक्षा चालू असताना दाखवलं तरच लोकांना पटतंय," सर म्हणाले.

बटण दाबलं. काही अडलं नाही. टाळ्या झाल्या, भाषणं लांबली, आणि तेवढ्या वेळात वरची पोरं जे लिहीत होती ते फक्त नांदेडला साठत होतं.

परतीची वेळ आली. दोन कपाटं पुन्हा जुळवायची, तर यंत्र विचारतं: मूळ कोणतं, नक्कल कोणती? मूळ म्हणाल त्याच्याबरहुकूम दुसरं पुसून लिहिलं जातं. माझ्या संगणकाचा हा पडदा सरांनी हौसेने मंडपात मोठा करून लावला होता.

सर माईकवरूनच म्हणाले, "मूळ लातूर! नांदेड आपली नक्कल. लावा."

मंडप हसला. माझ्या कानाला फोन होता. पलीकडे नांदेडचं कपाट सांभाळणारे भाई, वयाने माझ्याहून मोठे. "ओ लातूरवाले, हात आवरा. आज असल माल इकडं हाय. पोरांचा पेपर पुसून बसाल."

मी स्टेजवर जाऊन सरांना म्हणालो, "तासाभराची उत्तरं नांदेडला आहेत. मूळ नांदेड धरावं लागेल."

त्यांनी माईकवर हात ठेवला. "समद्यांसमोर?"

"नाहीतर पोरांना पेपर पुन्हा लिहावा लागेल."

मी होकाराची वाट न पाहता खाली आलो आणि नांदेड निवडलं. मोठ्या पडद्यावरचा बाण नांदेडहून लातूरकडे वळला. मागून कुणीतरी ओरडलं, "काय ओ, लातूर नांदेडची कॉपी करायलंय व्हय?" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना कोणताही बाण चालला असता.

पाहुणे जेवायला गेले. सर गेले नाहीत. ते माझ्याशेजारी बसले, उठले, पुन्हा बसले. "किती झालं?" दर मिनिटाला विचारत होते.

जुळणी संपल्यावर मी लातूरच्या कपाटातून पहिली उत्तरपत्रिका उघडली. सरांनी मला बाजूला सारलं आणि स्वतः शेवटच्या प्रश्नापर्यंत गेले. उत्तर होतं.

"दुसरी उघडा," ते म्हणाले.