पंखातली मावशी

कारखान्यात तिला सगळे पंखातली मावशी म्हणत. अंगानं चिपाड, म्हणून विमानाच्या पंखाच्या पोटात शिरायचं काम एकोणीस वर्षं तिच्याच गळ्यात. बाहेरचा माणूस रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचा खिळा, ठोकणार, आतून ही लोखंडी ठोकळा दाबून धरणार. त्या दणदणाटात बोललेलं कुठलं ऐकू यायला! मग पत्र्यावर टकटक करायची. दोनदा म्हणजे नीट बसला, तीनदा म्हणजे वाया गेला, काढून टाक.

यंदा नवी शेड झाली. पाचशे जणांना काम मिळणार म्हणून मोठा गाजावाजा. त्यांत मावशीची सूनही लागली. चांगलं चाललेलं शिवणकाम सोडून आली पोरगी. आणि शिकवलं किती, तर तीन दिवस! त्यातला एक टोप्या घालून फोटो काढण्यात गेला. अहो, काजं करायला तरी तीन दिवसांत जमतं का?

नवी शेड बघायला पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच सुनेच्या हातात रिव्हेटची बंदूक दिली. आत सासू. दुपारपर्यंत पंख उभा राहिला तर सून कायम, नाहीतर घरी. पहिला रिव्हेट वाकला, दुसरा शेणाच्या पोसारखा पसरला. मावशीनं तीनदा वाजवलं. पुढे पुन्हा तीनदा. बाहेरून फोरमन ओरडला, "मावशी, सून आहे की सवत? दोनदा वाजवा की!"

मावशी सरपटत बाहेर आली. "सतरातले चौदा गेलेत."

फोरमननं तिच्या हातात सांधे बुजवायच्या लेपाची नळी कोंबली. "आतून फासून टाका. कोण बघायला जातंय?"

त्या लेपाला नासक्या अंड्याचा वास. एकोणीस वर्षं त्याच वासाच्या हातांनी ती जेवली, कधी मळमळलं नाही. आज तिनं नळी परत त्याच्याच हातात कोंबली.

"मेल्या, तुझ्या आईला बसवशील यात?"

"आईला विमानाची भीती वाटते."

"शहाणी आहे मग ती."

"घरात आलेल्या नोकरीला लाथ मारताय मावशी."

सुनेनं बंदूक खाली ठेवली. "आई, वाया गेलेले काढायचं ड्रिल कुठंय?"

"ड्रिलला हात लावलास तर उद्या गेटवर तुझं नाव नसेल," फोरमन म्हणाला.

"आज आहे ना?" म्हणत तिनं ड्रिल उचललं. मावशी पुन्हा आत शिरली.

पाहुणे आले तेव्हा दोघी रिव्हेट काढतच होत्या. फोरमन हसून म्हणाला, "हे आमचं प्रशिक्षण." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. लाज म्हणून नाही कुणाला!

दुसऱ्या दिवशी सुनेला गेटवरूनच परत पाठवलं. संध्याकाळी मावशी घरी आली. मोरीत हात धूत होती, तोच सून मागे येऊन उभी राहिली.

"आई, खरं सांगा. ते तीन तरी बरे बसले होते का हो?"

रिव्हेटच्या बाबतीत मावशी आजवर खोटं बोललेली नाही. "चांगले बसले होते. तीन दिवसांत तीन म्हणजे वाईट नाही गं. महिनाभर शिकवलं असतं मेल्यांनी तर..."

ती मोरीत पचकन थुंकली.