डांबरगोळीचं गणित

"हे सगळं हातानं केलंय? कुणी?" बाहेरगावच्या विद्यापीठातून आलेल्या पाहुण्यांनी माझी वही चाळत विचारलं.

सरांनी पेनाचं टोक माझ्याकडे केलं. "ही. आमचं मशीन. अर्धा कप चहा ओतला की दिवसभर चालतं."

स्टाफरूम हसली. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? मी. दात काढून. मला वाटलं, कौतुकच केलं की!

घरी जाऊन आईला हसत हसत सांगितलं, "सर मला मशीन म्हणाले."

"आन् तू हसलीस व्हय?"

"तुला न्हाय कळायचं त्यातलं."

आज सत्तरी उलटल्यावर त्या पोरीची वेणी धरून हलवावीशी वाटते. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती आणि अक्कल बालवाडीची.

सोलापुरातलं कॉलेज. सत्तरनंतरची पहिली काही वर्षं. वडील केम गावाहून गिरणीत आले आणि गिरणीतच खोकून गेले. आई चादरीच्या कारखान्यात घड्या घालायची. आमच्या वस्तीतली मीच पहिली त्या कॉलेजचा जिना वह्या घेऊन चढले. माझ्याआधी ज्या चढल्या, त्या झाडू घेऊन.

सर रसायनशास्त्राचे, पण हातात कधी परीक्षानळी नाही. स्वतःच्या पीएच.डी.साठी गणित करायचे. रेणूला हात न लावता, नुसतं कागदावर, त्याच्यातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढायची. पहिल्यांदा त्यांनी हे फळ्यावर समजावलं तेव्हा मी आ वासून बसले होते. जे दिसत नाही, शिवता येत नाही, ते कुणालाही कागदावर सापडतं. कुणालाही! हा शब्द माझा. सर तसं म्हणाले नव्हते.

आमची सुरुवात डांबरगोळीपासून. कपड्यांच्या ट्रंकेत टाकतो तीच. तिच्या रेणूत कार्बनचे दहा अणू, दोन षट्कोन एका बाजूनं चिकटलेले. दहा अणू म्हणून दहा ओळी आणि दहा रकान्यांची आकड्यांची चौकट. ती सोडवली की ऊर्जा मिळते. सांगायला सोपं. सोडवायला बसा म्हणजे कळेल. एक उणे चिन्ह निसटलं की आठ दिवस पाण्यात. संगणक पुण्या-मुंबईला. इथं लॉग टेबल आणि मी.

"एवढं उरक," सर म्हणाले होते. "दुसऱ्या वर्षी थिअरीला एकच विद्यार्थी घेता येतो मला. ती जागा तुझी."

त्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं. कारखान्यात वाया गेलेली चादरीची कागदी लेबलं आई आणायची. ती दाभणानं शिवून त्यांच्या वह्या केल्या, कोऱ्या बाजूला आकडे. अशा सात वह्या. 'का करायचं' असं विचारलं की सर म्हणायचे, "आधी किती ते काढ. का ते नंतर." आणि मी काढायचे. शहाणी!

एकदा दुपारी आईची भाकरी घेऊन कारखान्यात गेले. ती नवी नक्षी तपासत होती. चादर उभी दुमडली, मग आडवी. एका कोपऱ्यावरून हात फिरवला आणि बाजूला ठेवली.

"आई, आख्खी नाही बघत?"

"कशाला? चौथाई बरोबर आली की बाकीची तिच्यावरच बसती की."

मी तिथंच खाली बसले. लेबलावर डांबरगोळीचा रेणू काढला. उभा दुमडला, आडवा दुमडला. अणूवर अणू बसला. म्हणजे घडीच्या पलीकडचा आकडा एक तर तोच, नाही तर उलट्या चिन्हाचा. दोन घड्या, चार शक्यता. दहाची ती मोठी चौकट माझ्यासमोर फुटली आणि चार लहान चौकटी झाल्या. दोन तिनांच्या, दोन दोनांच्या. जे काढायला मला महिने लागले होते, ते दिवस मावळायच्या आत निघालं. आणि उत्तर जुळलं!

आई म्हणाली, "खुळ्यावानी का हसायलीस?" मी तिच्या पाया पडले. तिनं भाकरीचं फडकं झटकलं आणि पुन्हा कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी पळत सरांकडे. त्यांनी कागद बघितला. दुमडला, उलगडला.

"कच्चं आहे हे," म्हणाले. "कुणाला दाखवू नकोस. लांबच्या रीतीनं पुन्हा एकदा सगळं तपास."

मला वाटलं, माझा शोध कुणी चोरू नये म्हणून जपताहेत. मी पाच आठवडे बसून पुन्हा सगळं लांबच्या रीतीनं केलं. मधूनच स्वतःवर खूश होऊन गल्लीतनं अशी चालायचे, जशी काही माझ्या नावाची पाटी लागणार आहे.

मग नोटीस बोर्डवर यादी लागली. थिअरीच्या खाली एक नाव. वर्गातल्या वकिलांच्या मुलीचं. माझं नाव प्रयोगशाळेच्या यादीत.

सरांसमोर उभी राहिले.

ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, थिअरीला घरात वातावरण लागतं. पिढ्यान् पिढ्यांचं वाचन लागतं. तुमच्या लोकांच्या हाताला काम चांगलं असतं, ते मी नाकारत नाही. आकडे तू करत राहा. तिला मदत होईल."

मी "हो सर" म्हणाले. लाज वाटते सांगायला, पण म्हणाले.

वकिलांची मुलगी वाईट नव्हती. लायब्ररीत तिनंच मला जवळ बसवलं. "अगं, सरांनी त्यांचं हे पुस्तक दिलंय. मला तर एक ओळ कळत नाही. तू बघ ना."

मी उघडलं. पुठ्ठ्याच्या आत सरांचं नाव आणि विकत घेतल्याची तारीख. मी तेव्हा शाळेत होते. मधल्या एका पानावर डांबरगोळीचा रेणू. त्यावर एक उभी रेघ, एक आडवी. खाली चार लहान चौकटी. तिनांच्या दोन, दोनांच्या दोन. समासात सरांच्या अक्षरात पेन्सिलनं, 'लांबच्या रीतीनं करवून घेऊन पडताळा घ्यावा.'

करवून घेऊन.

म्हणजे माझा शोध कसला? जगाला ठाऊक होतं. सरांनाही ठाऊक होतं. फक्त मला ठाऊक होऊ द्यायचं नव्हतं. त्यांचं थोडक्यातलं उत्तर आधीच तयार होतं. ते खरं आहे हे दाखवायला कुणीतरी आंधळेपणानं लांबचा रस्ता तुडवायला हवा होता. आणि मी न सांगता आडवाटेनं पोचले, तेव्हा छापलेल्या गोष्टीला ते माझ्या तोंडावर कच्चं म्हणाले.

जागा गेली त्याचं दुःख होतंच. पण त्या दुपारचं माझं हसू त्यांनी नासवलं. ते मला आजही माफ करता येत नाही.

त्याच आठवड्यात सरांनी नवा कागद पुढे सरकवला. तीन षट्कोन, चौदा अणू. "दिवाळीपर्यंत होऊ दे. लांबच्या रीतीनंच."

मी कागद परत सरकवला. "आधी का ते सांगा. मग किती ते काढते."

"तुला 'का' कशाला हवंय?"

"तुम्हाला कशाला हवं होतं, सर?"

खोलीतले दोघं-तिघं मान खाली घालून बसले. सरांचा चेहरा लाल. "प्रात्यक्षिकाचे मार्क माझ्या हातात आहेत, विसरू नकोस."

"नाही विसरत." मी टेबलावरच्या सातही वह्या उचलल्या.

"त्या डिपार्टमेंटच्या आहेत!"

"उलट्या करून बघा, सर. मागं आईच्या कारखान्याचं लेबल आहे."

मार्क त्यांनी कापले. तिसरा वर्ग मिळाला. पीएच.डी. माझ्या नावापुढे कधी लागली नाही, आणि सरांच्या प्रबंधात माझं नाव कुठं नाही. यातलं काही नंतर भरून निघालं नाही. भरून निघतं असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

वह्या उचलल्या त्या दिवशी मी वकिलांच्या मुलीकडून ते पुस्तक मागून घेतलं. ती म्हणाली, "ने बाई, माझी सुटका कर." घरी आले, चटईवर बसले. इंग्रजी धड येत नव्हतं. पहिल्याच ओळीत चार शब्द अडले. मी पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानापासून, प्रस्तावनेसकट, उतरवायला लागले. सगळं. आता पुढचं पान कुणाला विचारून उलटायचं नव्हतं.