सोनामुखी आणि वाणगावची वाडी

माझं लग्न सोनामुखीच्या पाल्यानं जमवलं. (पत्रिकाही जुळली होती, पण ती नुसतीच बघत बसली!)

तारापूरला वीजघराचं बांधकाम चालू होतं, तेव्हाची गोष्ट. त्या कामासाठी मी साताऱ्याहून येऊन बोईसरला भाड्याच्या खोलीत राहत होतो. खानावळीच्या जेवणानं पोटाचा पार दगड झाला होता, आणि नेमकं त्या रविवारी दुपारी वाणगावला मुलगी पाहायला जायचं! आधीची स्थळं हातची गेलेली. “हेही गेलं तर जन्मभर खानावळ!” मामांनी बजावलं होतं.

सकाळी घरमालकीण काकूंनी सोनामुखीची पुडी दिली. “रातच्याला घ्यायची हाय. सकाळी पोट मोकळं.”

“पण काकू, मला दुपारीच जायचंय!”

“मंग आज नको घेऊ. आमी सांगून ठेवतो!”

पण मी पडलो शिकलेला! रात्रीचं औषध सकाळी घ्यायचं तर दुप्पट घ्यावं, असा शास्त्रीय विचार करून काढा ढोसला. काही होईना, म्हणून उरलेली पुडीही उकळून प्यायलो. दुपारपर्यंत पोट ढिम्म! औषध जुनं असणार, असं ठरवून मामांबरोबर निघालो.

मुलीच्या वडिलांची, अण्णांची, चिकूची मोठी वाडी होती. बैठक जमली. मुलगी पोहे घेऊन आली. तिचं नाव विचारायला मी तोंड उघडलं, आणि काकूंची पुडी जागी झाली!

“मी... मी जरा वाडी बघून येतो!”

(संडास वाडीच्या पार टोकाला!)

परत येऊन टेकतो न टेकतो तोच पुन्हा कळ. “तिकडची झाडं राहिली!”

“अरे, मुलगी बघ, मुलगी!” मामा कुजबुजले.

अण्णा मात्र खूश. “पोराला झाडांची काय आवड हाय! थांबा, मी येतो, कलमं दाखवतो.”

“नको!” मी किंचाळलो. “मला झाडं एकट्यानंच बघायला आवडतात!”

पुढच्या खेपेला मागच्या दारात साक्षात मुलगीच उभी! हातात भरलेला तांब्या.

“झाडांना पाणी न्या,” ती गंभीरपणे म्हणाली.

संपलं! आता खानावळ! मी मान खाली घालून बोईसरला परतलो, आणि मागोमाग चक्क होकार आला.

लग्नानंतर बायकोला भीत भीत विचारलं, “एवढं सगळं कळूनही हो का म्हणालीस?”

“आधी बघायला आलेले सगळे ‘येतो’ म्हणून गेले, ते गेलेच. तुमी मात्र दर खेपेला परत आलात!”