नळाखाली धुतलेला स्पंज

आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळ आले, की दिसेल ते धुवायचं. चादरी, पायपुसणी, कूलरच्या जाळ्या, सगळं. पुन्हा पाणी कधी येईल याचा काय भरवसा? त्या दिवशी मी शाळेत शिकवून घरी आले, तर माझी माशांची टाकीसुद्धा लखलखीत! खडे घासलेले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केलेला.

"लई मेणचटला होता गं," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

माशांची घाण पचवणारे जिवाणू त्या मेणचट स्पंजातच तर राहतात. नळाच्या पाण्यातल्या औषधानं ते मरतात, मग घाणीतून सुटणारा अमोनिया पाण्यात साठतो आणि माशांचे कल्ले जाळतो. मी हे सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "घाणीवर कुणी जगतं व्हय?"

एक-दोन दिवसांतच मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकले. पाणी चांगलं असलं की रंग पिवळा राहतो. तो हिरवागार झाला. नवरा शेंद्र्याच्या कारखान्यातून ड्यूटी करून आला आणि म्हणाला, "देऊन टाक कुणाला तरी." सासूबाईंचं आधीच ठरलेलं होतं: मासे गेले, की त्या कोपऱ्यात पाण्याचा आणखी एक ड्रम. या घरात माझ्या मर्जीनं आलेली टाकी ही एकच वस्तू. म्हटलं, बघतेच कोण माझा कोपरा घेतं ते!

माशांचं खाणं तोडलं. रोज थोडं पाणी बदलायला हवं होतं, पण आणायचं कुठून? पिण्याच्या पाण्याला हात लावला असता तर घरात महाभारत झालं असतं. मग माझ्या आंघोळीची बादलीच टाकीत ओतायला लागले. ते पाणी हौदात राहून त्यातलं औषध उडालेलं होतं. मी ओल्या फडक्यानं अंग पुसून शाळेत जायची.

"माशांपायी पारोशी राहतीस? देवाला हात लावू नको!" सासूबाई कडाडल्या.

"नाय लावत," मी म्हणाले. "माझ्या वाटणीचं पाणी आहे. डोक्यावर घालीन, नाहीतर माशांना घालीन."

त्यांच्याशी असं मी पहिल्यांदाच बोलले. खरं सांगते, लई बरं वाटलं. टाकीतून काढलेलं पाणी मी त्यांच्याच कढीपत्त्याला घालायची, ते मात्र त्यांना चालायचं.

मग माशांच्या दुकानात गेले आणि तिथल्या चालू टाकीतला वापरलेला स्पंज मागितला. दुकानदार हसला. "लोगां नया मांगते, तुमको मैला होना?"

"मैलाच पाहिजे," म्हटलं.

मी तो काळाकुट्ट स्पंज फिल्टरमध्ये बसवताना सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या वेळी नळ आले, तेव्हा नवा निळा ड्रम दारात येऊन उभाच होता. मी थेंब टाकले. रंग पिवळा राहिला. ती नळी तशीच सासूबाईंपुढं धरली.

"आई, ड्रम जिन्याखाली ठेवा. इथं मासे राहतात."

त्यांनी नळीकडं पाहिलं, मग माझ्या केसांकडं. "ठेवते बाई. आधी न्हाऊन घे, वास मारतोय."

दोन बादल्या डोक्यावरून घेतल्या. तिसरी माशांसाठी भरून, औषध उडायला अंगणात उन्हात ठेवली. घरभर धुणं चाललं होतं, पण तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती.